सुट्टी लागली की गोळ्या कुठे जातात? कर्जत-खालापूरमधला क्षयरोग आणि दोन प्रकारचे कॅम्पस

पीएचडीचा विषय सांगितला की समोरून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो: टीबीत इतिहास तो काय? जंतू ठरलेला, औषधं ठरलेली, गोळ्या पूर्ण घेतल्या की माणूस बरा. प्रश्न रास्त आहे. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला १८८२ मध्ये. स्ट्रेप्टोमायसिन आलं १९४४ मध्ये, आयसोनियाझिड १९५२ मध्ये. म्हणजे टीबी बरा कसा करायचा हे कळून सत्तर वर्षं उलटली. तरीही आज जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. मधल्या सत्तर वर्षांत अडलं कुठे, याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाही. ते रजिस्टरं, फॉर्म आणि वेळापत्रकं यांत शोधावं लागतं. म्हणून इतिहास.

माझं काम रायगडच्या आतल्या बाजूच्या दोन तालुक्यांवर आहे, कर्जत आणि खालापूर. या लेखात त्यातला एकच धागा घेते: शिक्षणसंस्थेच्या आवारातला दवाखाना आणि सरकारी आरोग्य यंत्रणा यांनी टीबीसाठी एकत्र काम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इथे 'कॅम्पस' दोन प्रकारचे आहेत. एक लोकलच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांचा. दुसरा इथल्या डोंगरात, आश्रमशाळांचा. पहिल्याकडे डॉक्टर भरपूर, पण रुग्ण राहतो शंभर किलोमीटरवर. दुसऱ्याकडे मुलं दिवसरात्र डोळ्यांसमोर, पण डॉक्टर नाही. दोन्हीकडची अडचण शेवटी एकाच जागी येऊन मिळते, असं मला दिसतं. निदान वाटून घेता येतं, जबाबदारी वाटून घेणं जमत नाही. रुग्ण एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारात पोचेपर्यंत तो कुणाचाच नसतो.

आधी मुलूख

नकाशावर हे तालुके मुंबईला अगदी चिकटून आहेत. १८५६ मध्येच रेल्वे खोपोलीपर्यंत आली, १८६३ मध्ये बोरघाट चढून पलीकडे गेली. २०११च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी दोन लाखांच्या थोडी वर होती. खोपोलीत कारखाने, नेरळ-कर्जतला चाकरमान्यांची वस्ती, बाजूला फार्महाऊस. आणि रस्ता सोडून आत वळलं की ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या. जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली ती खालापूरची इर्शाळवाडी आठवा. चौकपासून अंतर फार नाही, पण वाडीपर्यंत गाडी जात नव्हती. बचाव पथकं पायी चढली. मुंबई जवळ आणि दवाखाना लांब, हे एकाच ठिकाणी खरं असू शकतं.

त्यात कातकरी कुटुंबांचं स्थलांतर. पावसाळ्यात गावात भाताची कामं. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. वर्षातले सहा-सात महिने वाडीतलं घर बंद. हे वेळापत्रक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शाळेत पहिल्यांदा आली ती सुई

शाळा आणि क्षयरोग नियंत्रण यांची मोठ्या प्रमाणावरची पहिली भेट बीसीजीच्या मोहिमेत झाली. १९४८ मध्ये भारतात बीसीजी देणं सुरू झालं आणि १९५१ पासून देशव्यापी मोहीम निघाली. पद्धत अशी: आधी हातावर ट्युबरक्युलिन टोचायचं, तीन-चार दिवसांनी येऊन फोड मोजायचा, ज्याला प्रतिक्रिया नाही त्याला लस द्यायची. शाळा सोयीची होती, कारण तीच मुलं तीन दिवसांनी तिथेच सापडत. हजेरीपट म्हणजे आयती यादी.

यात पथक आणि शाळा यांचं नातं चार दिवसांचं होतं. शिक्षकांनी रांग लावायची, पथकाने टोचायचं, आकडा वर कळवायचा. मोहिमेला एवढं पुरतं. उपचाराला पुरत नाही, कारण उपचार चार दिवसांत संपत नाहीत. पण शाळेकडे 'रांग लावून देणारी जागा' म्हणून बघायची सवय तेव्हाची आहे आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

सॅनिटोरियमकडून घराच्या पत्त्याकडे

त्याच दशकात एक मोठा बदल झाला. तोवर टीबीचा उपचार म्हणजे सॅनिटोरियम: पाचगणी, मिरज, औंध. खाट मिळेल त्याने जायचं, बाकीच्यांनी घरी खोकत राहायचं. मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या क्षयरोग केंद्राने १९३ रुग्णांचे दोन गट केले. एक सॅनिटोरियममध्ये, दुसरा घरी, औषधं तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. गरीब घरात, अपुऱ्या खाण्यावर राहूनही घरचे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्यामुळे घरातल्यांना जास्त धोकाही झाला नाही.

या अभ्यासाने साऱ्या जगाचं धोरण बदललं. १९६२ मध्ये आपला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आला तो याच पायावर: जिल्हा क्षयरोग केंद्र, त्याखाली साधे दवाखाने, रुग्ण घरी. पण याबरोबर आणखी एक गोष्ट गुपचूप बदलली, जिच्याकडे इतिहासात कमी लक्ष दिलं जातं. सॅनिटोरियममध्ये रुग्ण म्हणजे खाट क्रमांक. नव्या कार्यक्रमात रुग्ण म्हणजे पत्ता. औषध चुकलं तर त्या पत्त्यावर पत्र जाणार, माणूस जाणार. सगळी यंत्रणा 'रुग्णाला एक पत्ता आहे आणि तो तिथे सापडेल' या गृहीतावर उभी राहिली. तेव्हाचा उपचार बारा ते अठरा महिन्यांचा होता. कातकरी कुटुंबाच्या बाबतीत एवढ्या काळात निदान एक भट्टीचा हंगाम येणारच. तिथे पहिल्या दिवसापासूनच हे गृहीत चुकीचं होतं.

दुसरा धडा १९६३चा. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले देबबर बॅनर्जी आणि अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात पाहणी केली. लोक अडाणी आहेत, लक्षणं कळत नाहीत, म्हणून येत नाहीत, असा समज होता. निघालं उलटंच. बहुतेक रुग्णांना लक्षणं जाणवत होती, बरेच काळजीत होते आणि निम्म्याच्या आसपास रुग्ण दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथून त्यांना खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं होतं. रुग्ण दारापर्यंत येतो, दारात माणूस ओळखू येत नाही. आश्रमशाळेच्या संदर्भात हे वाक्य मी पुन्हा वापरणार आहे.

लोकलच्या दुसऱ्या टोकाचा कॅम्पस

कर्जतहून सुटलेली लोकल शीव, परळ, भायखळा करत जाते. म्हणजे लोकमान्य टिळक रुग्णालय, केईएम आणि जे.जे. ही मुंबईची तीन मोठी शिकवणारी रुग्णालयं याच मार्गावर आहेत, आणि शिवडीचं क्षयरोग रुग्णालयही फार दूर नाही. खोकला बरा होत नाही म्हटल्यावर ज्याला परवडेल तो गाडीत बसणारच. जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतंच. अलिबागचं सुरू झालं ते २०२० नंतर. त्याआधी पनवेलजवळ कामोठ्याला १९८९ मध्ये खासगी महाविद्यालय निघालं.

कॉलेजांनी खेड्यांकडे वळावं हा विचार जुना. १९४६च्या भोर समितीने मांडलेला. १९७५च्या श्रीवास्तव समितीनंतर १९७७ मध्ये केंद्राने योजना आणली, तिच्यात प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाकडे तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं सोपवायची होती. विद्यार्थ्यांना घेऊन गाड्या गेल्या, शिबिरं झाली. पण कॉलेजातल्या परीक्षेत खेड्यातला रुग्ण बरा झाला का हा प्रश्न कधी येत नव्हता, आणि जे परीक्षेत येत नाही ते मागे पडतं.

रायगडमध्येच, पण समुद्राच्या बाजूला, वेगळा प्रयोग झाला. जे.जे.मधले प्लॅस्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांनी १९७३ पासून अलिबाग तालुक्यात मांडव्याच्या परिसरात गावातल्याच, फारसं न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. क्षयरोग आणि कुष्ठरोगाच्या रुग्णांचा पाठपुरावा त्या करू शकतात, हे तिथे दिसलं. गोळी देणाऱ्या बाईला रुग्ण कुठल्या भट्टीवर गेलाय ते ठाऊक असतं, कारण ती शेजारीण असते. पण स्थानिक राजकारण आणि सरकारी यंत्रणेशी झालेल्या ओढाताणीत हा प्रयोग टिकला नाही. कॅम्पसमधला माणूस चांगला असून भागत नाही, तालुक्याच्या यंत्रणेने ते काम आपलं म्हणावं लागतं, असा माझा त्यातून निघालेला अर्थ.

मधल्या काळात मुंबईत काय चाललं होतं? १९९१ मध्ये मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे शंभर खासगी डॉक्टरांना टीबीचं औषध कसं लिहून देता असं विचारलं. उत्तरं आली ऐंशी प्रकारची. कर्जतहून मुंबईला गेलेला रुग्ण यांतली कुठलीही चिठ्ठी खिशात घालून परत येऊ शकत होता. गावच्या आरोग्य केंद्राला त्याचा पत्ताही नसायचा.

फॉर्मचा खालचा तुकडा

१९९२ मध्ये कार्यक्रमाचा आढावा झाला आणि चित्र वाईट निघालं. उपचार सुरू केलेल्यांपैकी निम्म्याहून कमी रुग्ण ते पूर्ण करत होते. मग १९९३ पासून पथदर्शी, १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर आणि मार्च २००६ पर्यंत देशभर सुधारित कार्यक्रम आला, ज्याला आपण 'डॉट्स' म्हणून ओळखतो. गोळी समोर बसून घ्यायची, साधारण सहा ते आठ महिने.

यात वैद्यकीय महाविद्यालयांचा प्रश्न टाळता येणार नव्हता. थुंकी तपासून निदान होणारे कितीतरी रुग्ण तिथे सापडत, पण राहायला असत भलतीकडे. २००२ मध्ये राष्ट्रीय कृती दल स्थापन झालं, खाली विभागीय आणि राज्य पातळीवरची दलं, प्रत्येक कॉलेजात समिती. कार्यक्रमाने कॉलेजांना कंत्राटी डॉक्टर, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि टीबी हेल्थ व्हिजिटर दिले. कॉलेजने आपल्या आवारात कार्यक्रमाची खोली उघडली. एकमेकांना नावं ठेवणाऱ्या दोन जगांनी एकत्र बसायला सुरुवात केली, हे खरंच मोठं होतं.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू वाटते ती एक साधा फॉर्म: उपचारासाठी रुग्णाला त्याच्या गावी पाठवण्याचा. वरचा भाग कॉलेजने भरायचा: नाव, पत्ता, तपासणीचा निकाल. रुग्ण तालुक्याला पोचला, नाव नोंदलं गेलं, औषध सुरू झालं, की तिथल्या लोकांनी उरलेला भाग भरून कॉलेजला परत पाठवायचा. हा परतीचा कागद आला तर रुग्ण पोचला. नाही आला तर तीन शक्यता: पोचला पण कुणी कळवलं नाही, दुसरीकडे गेला, किंवा वाटेतच हरवला. तिन्ही शक्यता कॉलेजातून सारख्याच दिसतात.

शीवच्या खोलीतून कर्जतच्या वाडीत पाठवलेल्या रुग्णाचं काय होतं याचा अंदाज यावरून बांधता येईल. पत्ता 'मु. पो. अमुक, ता. कर्जत'. वाडीचं नाव त्यात नाहीच, कारण लिहिणाऱ्याच्या रकान्यात 'वाडी' नाही. तो महिना मार्च असेल तर माणूस वाडीतही नाही. फॉर्म पोचतो, माणूस सापडत नाही, आणि कागदोपत्री दोन्ही कार्यालयांनी आपलं काम केलेलं असतं.

आश्रमशाळेचं गणित

आता दुसरा कॅम्पस. सत्तरच्या दशकापासून महाराष्ट्रात सरकारी आश्रमशाळा वाढल्या, १९८३ मध्ये आदिवासी विकास विभाग स्वतंत्र झाला. कर्जत-खालापूरच्या शाळा पेणच्या प्रकल्प कार्यालयाखाली येतात. इथे पहिला पेच: शाळा आदिवासी विकास विभागाची, उपचार सार्वजनिक आरोग्य विभागाचे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. मूल एकच, वरिष्ठ तीन.

दुसरा पेच निदानाचा. लहान मुलांच्या टीबीत थुंकीत जंतू सहसा दिसत नाहीत. लहान मूल थुंकी काढूही शकत नाही. म्हणून 'थुंकी तपासली, काही नाही' यावर थांबून चालत नाही. वजन वाढत नाही, ताप जात नाही, मानेला गाठ आली, यांकडे बघावं लागतं. ते बघणार अधीक्षक किंवा अधीक्षिका. त्यांच्या कपाटात खोकल्याचं औषध असतंच. तुमकूरच्या दवाखान्यात १९६३ मध्ये जे घडत होतं ते कपाटापाशी सहज घडू शकतं, कुणाचाही वाईट हेतू नसताना.

तिसरा पेच वेळापत्रकाचा. तो मी वहीवर मांडला तेव्हा माझा मलाच विश्वास बसेना. शाळा सुरू होते जूनच्या मध्यावर. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे पहिलं सत्र साडेचार महिन्यांच्या आसपास. दुसरं सत्र दिवाळीनंतर ते एप्रिलअखेर, फार तर साडेपाच महिने. नेहमीच्या टीबीचा उपचार आहे सहा महिन्यांचा. म्हणजे वर्षातल्या कुठल्याही दिवशी उपचार सुरू करा, तो एका तरी मोठ्या सुट्टीत अडकणारच. सुट्टीत न सापडता पूर्ण होईल असा एकही कोर्स या वेळापत्रकात बसत नाही. यात गणपती आणि शिमग्याला मुलं घरी जातात ते मी धरलेलंच नाही.

आणि सुट्टीत मूल जातं कुठे? शाळेच्या रजिस्टरमध्ये वाडीचा पत्ता आहे. दिवाळीत आई-बाप भट्टीवर जायच्या तयारीत असतात, कधीकधी मूलही बरोबर जातं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर आई-बाप अजून भट्टीवरच. शाळा सुटल्यावर मूल पनवेलच्या नाहीतर भिवंडीच्या बाजूला कुठेतरी, आणि गोळ्यांची पाकिटं कशेळ्याला, कडावला नाहीतर लोहोपला. दोन्ही वेळापत्रकं आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांना एकमेकांशेजारी ठेवून बघणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

याची किंमत कोण देतं ते स्पष्ट आहे. अर्धवट उपचारानंतर टीबी उलटतो, आणि औषधांना दाद न देणारा होऊन उलटू शकतो. मग सहा महिन्यांचं काम खूप लांबतं, औषधं जास्त त्रासाची होतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाची शाळा तिथे सुटते ती बहुधा कायमची.

काय बदललं, काय उरलं

बदल झालेत, ते नोंदवायला हवेत. २०१२ पासून 'निक्षय' या संगणकीय नोंदणीत प्रत्येक रुग्णाला क्रमांक मिळतो. त्याच वर्षी मे महिन्यात खासगी डॉक्टरांनाही रुग्ण कळवणं बंधनकारक झालं. फॉर्मचा खालचा तुकडा आता पडद्यावर आला, पाठवणाऱ्याला रुग्ण पोचला का ते दिसू शकतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत तपासणीला जातात. २०१६ मध्ये आश्रमशाळांतल्या मृत्यूंचा अभ्यास करायला डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि शाळेतलं आरोग्य हा जाहीर चर्चेचा विषय झाला. २०१८ पासून रुग्णाला पोषणासाठी महिना ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये मिळू लागले.

माझ्या गणिताच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा बदल २०२१चा. घरात टीबीचा रुग्ण असेल तर बाकीच्यांना रोग होऊच नये म्हणून द्यायच्या उपचारात एक पद्धत आठवड्यातून एकदा, असे बारा डोस अशी आहे. तीन महिने! हा कोर्स सत्रात बसतो. जुलैत सुरू केला तर दिवाळीआधी संपतो. या मुलांच्या वेळापत्रकात पुरता मावणारा टीबीचा एखादा उपचार बहुधा पहिल्यांदाच आला आहे. पण त्यासाठी मुलाच्या घरी कुणाला टीबी आहे हे शाळेला जूनमध्येच कळायला हवं, आणि ती माहिती असते आरोग्य केंद्रात. उलट दिशेनेही तेच: शाळेत एखाद्या लहान मुलाला टीबी निघाला, तर घरात कुणीतरी मोठं माणूस खोकत असण्याची शक्यता दाट. शाळेने ते कळवलं तर आरोग्य केंद्राला तो माणूस सापडेल.

म्हणून सहकार्याची माझी व्याख्या आता फार छोटी झाली आहे. करार, समित्या, उद्घाटनं हवीतच, पण मी एखाद्या तालुक्याचा इतिहास वाचताना तीन तारखा शोधते: जूनच्या सुरुवातीला, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आणि एप्रिलच्या शेवटी शाळेची यादी आणि आरोग्य केंद्राची यादी एका टेबलावर आली होती का? सुट्टीत मूल प्रत्यक्ष कुठे जाणार आहे हे त्यालाच विचारून लिहिलं होतं का? मुलांना ते पक्कं माहीत असतं. मुकादमाचं नावसुद्धा ती सांगतात.

पुढच्या लेखात भट्टीच्या बाजूने लिहीन, म्हणजे ज्या तालुक्यांत ही कुटुंबं सहा महिने राहतात तिथल्या रजिस्टरात त्यांची नोंद कशी होते, किंवा होत नाही. १९८० आणि ९०च्या दशकांत रायगडच्या आश्रमशाळांत अधीक्षक-अधीक्षिका म्हणून, किंवा टीबीच्या कामात काम केलेलं कुणी वाचत असेल तर जरूर लिहा. मुलांची नावं नकोत. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी औषधांचं काय करत होतात, एवढंच सांगितलंत तरी मला खूप आहे.